चोवीस खिडक्या

नाशिकमध्ये मिसळ खाताना कुणी कुणाला शब्द देऊ नये. काळ्या मसाल्याच्या रश्श्याचा पहिला घोट घशाखाली उतरला की माणूस उदार होतो, आणि जिलेबी येईपर्यंत तर कर्ण. नोव्हेंबरातल्या एका रविवारी गंगापूर रोडवर आम्ही अकरा प्रोग्रॅमर अशाच अवस्थेत बसलो होतो आणि मी बोलून गेले, "आपणही डिसेंबरचं कॅलेंडर करू या की!"

हे कॅलेंडर भिंतीवरचं नव्हे. जर्मनीत नाताळच्या आधी लहान मुलांसाठी २४ खिडक्यांचं पुठ्ठ्याचं कॅलेंडर आणतात. १ डिसेंबरपासून रोज एक खिडकी उघडायची, आत चित्र नाहीतर चॉकलेट. प्रोग्रॅमर लोकांनी ही कल्पना उचलली आणि चॉकलेटच्या जागी लेख ठेवला. पर्ल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवाल्यांनी २००० सालीच सुरुवात केली, जपानी इंजिनिअरांना तर त्याचं वेडच आहे. २०१५ पासून एरिक वास्टल नावाचा एक गृहस्थ डिसेंबरात रोज एक कोडं घालत आला आहे, २०२५ पासून मात्र पहिले बाराच दिवस. ते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्री उघडतं, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेदहाला. नेमकी तेव्हाच आमची ऑफिसातली रोजची मीटिंग असते. डिसेंबरात सगळे इतके शांत आणि विचारमग्न का दिसतात, हे आमच्या साहेबांना अजून उमगलेलं नाही.

आपलं कॅलेंडर मराठीत करायचं असं ठरलं. २४ जण, २४ लेख.

आईला हे समजवायला मला दोन मिनिटं लागली. "म्हणजे कालनिर्णयच्या पाठीमागे लेख असतात तसं," ती म्हणाली. मी म्हटलं, तसंच, फक्त रोज एक. "मग एखादी पाककृतीही घाला हो. लोक तेवढीच वाचतात." आणि ती स्वयंपाकघरातल्या आपल्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा मांडायला गेली. ते कॅलेंडर गेली चाळीस वर्षं एकही दिवस चुकलेलं नाही. तिने त्यासाठी एकही मीटिंग घेतलेली नाही.

नावं मिळवण्यात काही कष्ट पडले नाहीत. ग्रुपवर टाकलं आणि संध्याकाळपर्यंत चोवीसच्या चोवीस भरली. "मी आहेच." "माझे दोन धरा." "विषय डोक्यात तयार आहे, फक्त उतरवायचाय." भांडण झालं ते तारखांवरून. सगळ्यांना वीसच्या पुढची हवी होती, एक तारीख कुणालाच नको. शेवटी सगळ्यात नवीन लागलेल्या मुलाच्या गळ्यात ती बांधली. लग्नात पहिल्या पंगतीला कुणी बसत नाही, तसलाच प्रकार.

मग मी संगणकावर तक्ता केला. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात तारीख: १/१२, २/१२, ३/१२... तो तक्ता अमेरिकन वळणाचा निघाला. त्याने आधी महिना, मग दिवस असं वाचलं आणि ५ डिसेंबरवाल्याला १२ मे दाखवला. १३ पासून पुढे त्याला तेरावा महिनाच सापडेना, म्हणून त्या तारखा तशाच राहिल्या. १२/१२ वाला तेवढा आपल्या जागी होता, त्यात त्याचं कर्तृत्व काही नाही. चार दिवसांनी हे माझ्या लक्षात आलं. मी दुरुस्ती केली आणि ग्रुपवर कळवलं. त्याच वेळी तिथे 'बग' ला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकीला, मराठीत ढेकूण म्हणायचं की किडा, यावर दीडशे मेसेज चालले होते. माझा त्यात कुठे वाहून गेला कोण जाणे.

आमच्या कॉलनीत एक काका आहेत. त्यांनी अठरा वर्षं एका दिवाळी अंकाचं काम पाहिलं. मी सल्ला घ्यायला गेले, तर ते हसतच सुटले. "१९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. लेखकाने मेसेज वाचला की नाही, हे निळ्या खुणांवरून बघायची सोय त्या माणसाला नव्हती. सुखी होता! हे बघ बेटा, होकार देणाऱ्यांची यादी वेगळी आणि लिहिणाऱ्यांची वेगळी. तुझ्याकडे पहिली आहे. दोन लेख राखीव ठेव. आणि फोन करू नकोस, घरी जाऊन बस. समोर बसलेल्या माणसाला 'फिनिशिंग चाललंय' असं सांगता येत नाही."

कारणं मात्र अस्सल नाशिकची आली. एकाकडे दत्तजयंतीचं गुरुचरित्राचं पारायण, सात दिवस. एकीचे मार्गशीर्षातले गुरुवार. तिचा लेख नेमका गुरुवारीच होता, आणि 'उद्यापन झालं की देते' म्हणाली. ३ तारखेवाला मात्र धीराचा. २ ला रात्री नऊला मी विचारलं, तर त्याचं उत्तर आलं, "ताई, रूपरेषा तयार आहे. अजून भरपूर वेळ आहे. आपलं काम वेळेवर म्हणजे वेळेवर." एक रात्र म्हणजे भरपूर वेळ! या आत्मविश्वासाने मी गार झाले. त्यानंतर त्याचा फोन लागेना. कंपनीने नाइट शिफ्टला घातलं होतं म्हणे. राखीवमधला माझाच लेख ३ ला सोडला आणि त्या मुलाचं नाव मनातून कायमचं खोडलं.

पण त्याआधी १ तारीख उजाडायची होती. ३० च्या रात्री बाराच्या ठोक्याला पहिली खिडकी आपोआप उघडेल अशी व्यवस्था मी केली होती. बारा वाजले. काही नाही. बारा दहाला त्या नवीन मुलाचा मेसेज: "मॅडम, आई-बाबा, आजी सगळे जागे आहेत." बारा वीसला: "आजी झोपली." मी गोधडीत लॅपटॉप घेऊन शोधत बसले. सर्व्हर ग्रीनिचच्या घड्याळावर चालत होता. त्याच्या हिशेबाने बारा वाजायला अजून पाच तास होते. हा साडेपाच तासांचा घोळ मी गेली पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधून काढते आहे आणि त्याबद्दल नवशिक्यांना बोलतेही. पहाटे साडेपाचला खिडकी उघडली. आजी उठलेलीच होती. त्या घरात पहिलं वाचन तिनेच केलं. मग मी ती वेळ बदललीच नाही. काकडआरतीला उघडणारं कॅलेंडर जगात दुसरं नसेल.

पहिल्या दहा दिवसांत तीन लेख एकाच पतंगावर आले. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क टू संगणकात, ७० नंबरच्या रिलेमध्ये (म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये), एक पतंग अडकलेला सापडला आणि तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने वहीत डकवून ठेवला, ती गोष्ट. प्रत्येकाला वाटलं की ती फक्त आपल्यालाच ठाऊक आहे. एकाने निदान एवढं तरी लिहिलं होतं, की यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणणं एडिसनच्या पत्रांत १८७८ सालीच आढळतं. त्यामुळे त्याचा ठेवला आणि बाकीच्या दोघांना दुसरं लिहायला सांगितलं. एक रुसला. चित्र काढायला माझी भाची होती, येवल्याची. तिने कपाटाएवढा संगणक सुरेख काढला आणि त्यात अडकलेला लाल-पिवळा, शेपटीचा, मांजा लोंबणारा पतंग. मी कपाळाला हात लावला. "मावशी, यंत्रात पतंग अडकला असं तूच पाठवलंयस ना?" येवल्याच्या पोरीला पतंग म्हटल्यावर दुसरं काय दिसणार? संक्रांत तोंडावर आलेली. चित्र तसंच गेलं.

सगळ्यात छळलं ते द्राक्षवाल्याने. हा पिंपळगाव बसवंतकडचा. दिवसा घरून कंपनीचं काम, बाकी वेळ वडिलांबरोबर बाग. आधी म्हणाला, "ताई, दव पडतंय, डावणी रोगाची फवारणी आहे." मग भुरी. मग थंडी: "निफाडला पारा सहावर आलाय, मणी तडकतील, रात्रभर शेकोट्या." एवढी खरी कारणं मला सोसेनात. काकांचं ऐकलं, नवऱ्याला गाडी काढायला लावली आणि लेखाच्या आदल्या रात्री थेट बागेत जाऊन धडकले.

ओळींच्या मधे ओल्या काडीकचऱ्याचा धूर जमिनीलगत पसरला होता. त्याच्या वडिलांनी कानटोपी सारखी करत "या बाई, चहा घ्या" म्हटलं आणि क्रेट पालथा घालून दिला. चहा निम्मा झाला असेल, तेवढ्यात त्याचा मोबाइल केकाटला. दोघं बापलेक चहा टाकून पळाले, ठिबकचं पाणी सुरू करून परत आले. मी विचारलं, हे काय? "काही नाही ओ. घडांच्या उंचीला तारेवर एक सेन्सर टांगलाय, दोनशे रुपयांचा. सातच्या खाली गेलं की ओरडतो. आधी दादा रात्रीतून तीनदा उठायचे बघायला."

"अरे, मग हाच लेख आहे की!"

"यात काय लिहायचं?" त्याने इतक्या प्रामाणिकपणे विचारलं की मला बोलताच येईना. तो सांगत गेला, मी क्रेटवर बसून मोबाइलवर उतरवत गेले. धुराने दोघांच्याही डोळ्यांतून पाणी. साडेपाचला लेख उघडला. आठ वाजता त्याच्या वडिलांचा निरोप आला: "चांगलं लिहिलंय. पण सातला नको, आठलाच वाजू द्या. सातला उशीर होतो."

२२ तारखेवाला शेवटपर्यंत लिहितच होता. म्हणून त्या दिवशी आईच्या तिळगुळाच्या वड्या लावल्या. 'गूळ विरघळून पाण्यात टाकल्यावर गोळी होईपर्यंत ढवळत राहा, मधे थांबू नका, फोन घेऊ नका.' लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करायला सांगणारी आज्ञा, कसा लिहावा याचा नमुना म्हणून चौघांनी तो पुढे पाठवला. सर्वांत जास्त वाचला गेलेला लेख तोच. आईने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

डिसेंबर संपला. तक्ता बंद केला, ग्रुप आवाज बंद करून ठेवला.

११ मार्चला रात्री पावणेबाराला एक मेल आला. विषय: 'उद्याचा लेख'. अठराशे शब्द, दोन नीटस आकृत्या, शुद्धलेखन तपासलेलं, सोबत स्वतःचा फोटो आणि दोन ओळींचा परिचय. खाली लिहिलं होतं, "ताई, एक दिवस आधीच पाठवतोय. बोललो होतो ना, आपलं काम वेळेवर म्हणजे वेळेवर."

मी नोव्हेंबरातला तो पहिला तक्ता शोधून काढला. तिसरी ओळ पाहिली. मग उठून सर्व्हर चालू केला आणि १२ मार्चची खिडकी लावली, पहाटे साडेपाचची.