"मग ती नवऱ्याला सोडून का येत नाही?" सुहासने विचारलं.

मध्या आला तोच तणतणत. मामेबहिणीच्या नवऱ्याला "एकदा बघूनच घेतो" म्हणत होता. "दोनदा घरी आणली तिला, दोन्ही वेळा परत गेली. तिलाच यायचं नसेल तर आपण काय करणार?"

"तू बघून घेशील नि निघून येशील," नीता म्हणाली. "मागे दार लागलं की त्याचा राग कोणावर निघणार?"

मध्या गप्प. सुहास कसला गप्प बसतोय! "हात उगारला की त्याच दिवशी बाहेर पडायचं, विषय संपला. आणि हा तर मारतही नाही म्हणे. नुसता संशयी आहे."

त्या 'नुसता'वर अर्धा तास गेला. मध्या एकेक सांगायला लागला. पगार तिचा, कार्ड त्याच्या खिशात. किराण्याच्या पावतीतल्या ओळीओळीचा जाब तिला द्यावा लागतो. फोन केला की पहिलं वाक्य, "स्पीकरवर आहेस हं." मध्याला ती आजवर तिची बोलायची सवयच वाटायची. खरं सांगायचं तर मलाही वाटली असती.

नीता समुपदेशनाचं काम करते, तिला हे नवीन नव्हतं. "इंग्लंड-वेल्समध्ये 2015 च्या कायद्याने असं सततचं नियंत्रण हा गुन्हा ठरवलाय. एक चापट मारलेली नसली तरी 5 वर्षांपर्यंत कैद."

"ते ठीक, पण मग निघावं ना तिने!"

"अरे, निघतानाच जास्त धोका असतो. ताबा सुटतोय हे कळल्यावर माणूस पिसाळतो, जीव जातात ते पुष्कळदा तेव्हाच." मग मध्याकडे वळून, "त्याने कधी तिचा गळा दाबलाय?"

मध्याने मान खाली घातली. "एकदा. पण वळसुद्धा नव्हता."

"वळ बऱ्याचदा उमटतच नाही. अमेरिकेतल्या 2008 च्या एका अभ्यासात, जोडीदाराने आधी गळा दाबलेला असेल तर पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सातपटीहून जास्त निघाली होती. हे सगळ्यात आधी सांगायचं असतं रे."

यावर सुहासकडेही काही नव्हतं.

"मग करू काय मी?"

"ती परत गेली म्हणून तिच्यावर रुसू नकोस. तिचं कोणी उरू नये, हेच तर त्याला हवंय. एकटी भेटेल तेव्हा विचार, तुला काय हवंय. कागदपत्रांच्या प्रती तुझ्याकडे ठेवायच्यात का, अडचणीत असल्याचा एखादा शब्द ठरवायचाय का. निघायचं कधी ते तिला ठरवू दे. त्याचा मूड तिच्याइतका कोणाला कळतो? आणि फोनवर यातलं एक अक्षर नको."

मध्याने बराच वेळ टाइप केलं, खोडलं. शेवटी एवढंच पाठवलं : 'आई तुझी आठवण काढतेय. रविवारी येतेस?'

लगेच उत्तर आलं : 'विचारून सांगते.'

"आत्याकडे यायला कोणाला विचारायचंय?" सुहास बोलून गेला, आणि मग तोही गप्प झाला.