1189 चा पब? भिंतीवर रंगवलंय म्हणून खरं नसतं

नॉटिंगहॅमच्या पबचं ते रील फिरत फिरत आमच्या पण ग्रुपवर आलं. ‘ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम, 1189 पासून चालू, इंग्लंडमधला सगळ्यात जुना पब, राजा रिचर्डचे क्रुसेडर (जेरुसलेमसाठी लढायला निघालेले ख्रिश्चन सैनिक) इथे शेवटची बिअर मारून निघाले, आख्खा पब वेरूळसारखा डोंगरात कोरलेला.’ पब भारीच आहे, वाद नाही, पण दावे एकेक करून बघा.

“1189 पासून चालू.” भिंतीवर मोठ्ठ्या अक्षरात तसं रंगवलंय हे खरं, पण 1189 हे रिचर्ड गादीवर बसला ते साल. आज दिसतं ते लाकडी चौकटीचं घर साधारण 1650-60 चं आहे. कागदोपत्री इथल्या पबचं नाव 1751 मध्ये ‘द पिलग्रिम’ असं आहे आणि ‘ट्रिप टू जेरुसलेम’ थेट 1799 ला दिसतं, मग आधीची सहाशे वर्षं हे नाव कुणीच कसं लिहिलं नाही बुवा?

“क्रुसेडर बिअर पिऊन गेले.” पुरावा शून्य. रिचर्ड डिसेंबर 1189 मध्ये डोव्हरहून निघाला. नॉटिंगहॅमशी त्याचा गाजलेला संबंध 1194 चा, तोही परत आल्यावर, भावाच्या माणसांनी धरून ठेवलेल्या किल्ल्याला वेढा घालायला! आणि आपण बिअर म्हणतो तसली हॉप्स (कडवट चव देणारी एका वेलीची फुलं) घातलेली बिअर तेव्हा इंग्लंडमध्ये बनतच नव्हती, साधी, बिनहॉप्सची एल असायची.

“आख्खा डोंगरात कोरलेला.” इथे खरी गंमत आहे आणि रीलवाल्याने तीच घालवली. पुढचा भाग बांधलेला आहे, लाकडाचा-विटांचा, आणि तो किल्ल्याच्या कड्याला टेकवलाय, मागच्या खोल्या आणि तळघरं तेवढी खडकात खोदलेली. वेरूळचा बेसॉल्ट कुठे आणि हा मऊ सॅंडस्टोन कुठे, हा साध्या हत्यारांनी खोदता येतो, म्हणून तर त्या शहराखाली आठशेच्या वर गुहा सापडल्यात. आत बारा महिने थंडावा, पिंपं ठेवायला यापेक्षा चांगली जागा नाही. किल्ला 1068 चा, त्यामुळे त्याची एल कधीकाळी या गुहांमध्ये बनत असेल हे मला पटतं, पण एल बनवायची जागा वेगळी आणि गिऱ्हाईक बसवणारा पब वेगळा. वरच्या रॉक लाउंजमध्ये मात्र भिंती-छत सगळा उघडा खडक आहे, तेवढं तरी नीट दाखवायचं ना!

“सगळ्यात जुना.” त्याच शहरातल्या बेल इन या पबची लाकडं झाडांच्या वर्तुळांवरून तपासली तर 15 व्या शतकाच्या पूर्वार्धातली निघाली, म्हणजे ट्रिपच्या घराहून दोनशे वर्षं जुनी. सेंट ऑल्बन्स गावातला फायटिंग कॉक्स पब तर आठव्या शतकाचा दावा करतो, त्याच्याकडे गिनीजचा किताबही होता, पण खातरजमा होईना म्हणून 2000 साली गिनीजनं तो प्रकारच बंद केला.