नुसता ट्रॅकर बदलून पॅच पुढे सरकत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेस प्रकल्पातल्या पॅचच्या (कोडमधल्या प्रस्तावित बदलाच्या) प्रवासावरच्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत: मेलवर पॅच पाठवणं कालबाह्य आहे, प्रकल्पाला साधा बग ट्रॅकर (चुकांची नोंद ठेवणारी यादी) नाही, आणि ३० दिवस हालचाल नसलेलं सगळं बॉटने बंद करावं. शिवाय तुमचा स्वतःचा पॅचही रखडलाय.

ट्रॅकरचा मुद्दा मान्य. वेबवरच्या फॉर्ममधून आलेल्या बगला क्रमांक मिळतो, पण तो उघडा आहे की मिटला, याची नोंद कुठेच होत नाही. मग गिट लॉग (कोडमधल्या बदलांची नोंद) चाळायचा, बदलासोबतच्या कमिट संदेशातल्या ‘डिस्कशन’ या ओळीवरून जुना मेल-धागा गाठायचा. नवख्या माणसाने हे करावं ही अपेक्षाच चूक.

मेलचं मात्र पटत नाही. पॅच अडतो तो पुढचं काम कोणाचं हे न कळल्यामुळे. कमिटफेस्टच्या, म्हणजे पॅच तपासण्याच्या ठरावीक फेरीच्या, नोंदीत ते कळतं: ‘नीड्स रिव्ह्यू’ असेल तर परीक्षकाचं, ‘वेटिंग ऑन ऑथर’ असेल तर लेखकाचं, ‘रेडी फॉर कमिटर’ असेल तर कमिटरचं, म्हणजे पॅच मूळ कोडमध्ये घालण्याचा अधिकार असलेल्याचं. गोची ही की स्थिती हाताने बदलावी लागते. लेखक नवी आवृत्ती पाठवतो, नोंद मात्र ‘वेटिंग ऑन ऑथर’वरच राहते, परीक्षण करणारे त्या यादीकडे फिरकतही नाहीत. गिटहबवरची लेबलंही अशीच शिळी होतात.

आणि ३० दिवसांचा बॉट? कमिटफेस्ट जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्चमध्ये भरतात. एप्रिलमध्ये फीचर फ्रीझ (नव्या सुविधा घेणं बंद) लागला की नव्या सुविधांचे पॅच जुलैपर्यंत थांबणारच. तुमचा बॉट मे महिन्यात चांगल्या पॅचनाही कुलूप ठोकेल. बंद करायचंच तर ‘वेटिंग ऑन ऑथर’ आहे, पॅच सध्याच्या कोडवर लागत नाही आणि अख्खं कमिटफेस्ट उलटून गेलं, अशा तिन्ही गोष्टी जुळल्यावर ‘रिटर्न्ड विथ फीडबॅक’ (अभिप्रायासह परत) करा.

आता तुमच्या पॅचबद्दल. आधी सीएफबॉट, म्हणजे पॅच आपोआप लावून चाचण्या चालवणारा बॉट, लाल (नापास) दाखवतोय का बघा. तो धाग्यातल्या शेवटच्या पॅच-जोडणीलाच नवी आवृत्ती समजतो. एखाद्या परीक्षकाने दोन ओळींची सुधारणा .पॅच नावाने जोडली, तर तुमचा मूळ पॅच बाजूला पडून तेवढीच लावून बघितली जाते. अशा तुकड्याला .टीएक्सटी नाव द्यायला सांगा, आणि तुम्ही गिट फॉरमॅट-पॅच या आज्ञेला आवृत्ती क्रमांक देऊन पूर्ण संच पुन्हा पाठवा.

पॅच सिस्टिम कॅटलॉगला (डेटाबेसच्या अंतर्गत माहितीच्या तक्त्यांना) हात लावत असेल तर कॅटव्हर्जनची (कॅटलॉगच्या आवृत्ती क्रमांकाची) ओळ त्यात घालूच नका. ती सारखी बदलते, त्यामुळे दर थोड्या दिवसांनी इतरांच्या बदलांशी संघर्ष येतो; मेलमध्ये आठवण करून द्या, कमिटर ती वाढवेल. नवे ओआयडी (कॅटलॉगमधल्या नोंदींचे ओळख क्रमांक) ८००० ते ९९९९ मधलेच घ्या, तेही ‘अनयूज्ड ओआयडीज’ स्क्रिप्ट सुचवेल तिथून. सगळ्यांनी ८००० पासूनच सुरुवात केली की दोन पॅच एकाच आकड्यावर आदळतात.