फक्त काजं-बटणं राहिलीत

नवा ऑटोपायलट, म्हणजे विमान आपोआप उडवणारं यंत्र, बसवायला विमान दुरुस्तीच्या दुकानात दिलं ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी प्रॉपेलरला घातलेली झेंडूची माळ आठवणीने उतरवली, पण नाकावर ओढलेलं हळदीकुंकवाचं बोट तसंच राहिलं. दुकानदाराने ते निरखून विचारलं, "गंज का?" मी नाही म्हटलं. "तीन आठवडे," असं सांगून त्याने चावी खिशात टाकली.

विमान म्हटल्यावर सांगलीच्या नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर जे येतं ते हे नव्हे. सेसना १७२, १९७४ सालची. चार सीटा, एक इंजिन, दीडशे हॉर्सपॉवर. समोरून जोराचा वारा असला की खाली अमेरिकेतल्या आय-७० हायवेवरचे ट्रक आम्हाला मागे टाकून जातात, आणि बायको ते मोठ्याने मोजते.

या विमानात मुळात एक ऑटोपायलट होता. विमानाच्याच वयाचा. त्याला फक्त उजवं-डावं कळायचं, वर-खाली हा विषय त्याच्या अभ्यासक्रमातच नव्हता. आणि उतारवयात तर त्याला डावंच तेवढं आठवायचं. चालू केला की घाण्याच्या बैलासारखा डावीकडे वळत राहायचा. म्हणून मी दहा वर्षं हातानेच उडवत आलो. हाताने उडवणं छानच, पण थर्मासमधला चहा ओतून घेईपर्यंत विमान दोनशे फूट खाली जातं, आणि चहा ओतला गेला हे शर्ट पाहूनच कळतं.

तेव्हा नवा, डिजिटल ऑटोपायलट घ्यायचं ठरलं. पण असा ऑटोपायलट पसंत पडला म्हणून बसवता येत नाही. तुमच्या विमानाच्या नेमक्या मॉडेलला तो चालतो असा सरकारमान्य दाखला लागतो, त्याला एसटीसी म्हणतात. मॉडेल कोणतं, साल कोणतं, वीज चौदा व्होल्टची की अठ्ठावीसची, हे सगळं पाहून मगच पत्रिका जुळते. आमची जुळली. मंगळ फक्त बजेटमध्ये निघाला.

इथल्या हौशी वैमानिकांनी एक चलन काढलंय, एएमयू. एक एएमयू म्हणजे एक हजार डॉलर. 'एव्हिएशन मॉनेटरी युनिट' असं त्याचं भारदस्त नाव आहे. मला विचाराल तर या चलनाचा शोध घरच्यांसमोर फोनवर बोलता यावं, एवढ्याचसाठी लागला असावा. मी स्वयंपाकघरात उभा राहून मित्राला म्हणालो, "सगळं धरून बावीस एएमयू होतील." फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, "अहो, एएमयू म्हणजे अलीगढचं विद्यापीठ ना? बावीस जण कशाला जातायत तिकडे?" मी काहीतरी पुटपुटलो. क्रेडिट कार्डाचं बिल आल्यावर अलीगढचा उलगडा झाला. तो प्रसंग इथे नको.

तीन आठवडे झाले. मी फोन केला. "वायरिंगला हात घातलाय." दिवाळी झाली. "एक ब्रॅकेट यायचाय." संक्रांत झाली. "ब्रॅकेट आला, पण दुसऱ्याच मॉडेलचा." लहानपणी दिवाळीच्या आदल्या रात्री आई मला शिंप्याकडे पिटाळायची, आणि शिंपी मशीनवरची मान वर न करता म्हणायचा, "झालंय, फक्त काजं-बटणं राहिलीत." कापड तेव्हा त्याच्या मागच्या गठ्ठ्यात, न कापलेलं. फेब्रुवारीत दुकानदाराने सांगितलं, "झालंच, जस्ट पेपरवर्क," तेव्हा मला गठ्ठा दिसला. गाडी काढून मी थेट दुकानात जाऊन उभा राहिलो.

विमानाच्या दारातून दोन बूट बाहेर आले होते. बाकीचा मेकॅनिक आत, सीट काढलेल्या जागेत उताणा, डोकं पॅनेलखाली, तोंडात टॉर्च. समोरची घड्याळं काढलेली. तिथे सहा गोल भोकं आणि त्यांतून लोंबणाऱ्या वायरींचा, शेवया उकडून ठेवाव्यात तसा गुंता. त्यातल्या निम्म्या वायरी कुठेच जात नव्हत्या. पन्नास वर्षांत ज्याने ज्याने जुना रेडिओ काढला, त्याने त्याने वायर कापून टोक आतच कोंबून ठेवलं होतं. आमच्या गावच्या घराच्या माळ्यावर असंच आहे, फक्त तिथे वायरींऐवजी तांब्याचे बंब आहेत. मेकॅनिक बाहेर सरकला आणि विमानाच्या फ्लोअरखाली सापडलेला ऐवज त्याने माझ्या तळहातावर ठेवला: १९७१ चा एक सेंट, पेन्सिलीचं थोटूक, एक सेफ्टी पिन. "यातलं तुझं काय?" सेफ्टी पिन आमची होती. अमेरिकेत तेवढी मोठी पिन फक्त माझ्या बायकोच्या बांगडीला असते.

मग त्याने शेपटीची झाकणं उघडून दाखवली. आत मुठीएवढी मोटर, सर्व्हो. तिच्यावरून एक बारीक तार निघून विमानाच्या मूळ केबलला पकडते आणि ओढते. शेपटीत एक, पंखात एक, तोल साधणाऱ्या 'ट्रिम'साठी आणखी एक. एवढ्या बावीस हजारांत मला सगळ्यांत आवडली ती एक गोष्ट: सर्व्होला क्लच असतो. यंत्राचं डोकं फिरलं आणि माणसाने हाताने जोर लावला, तर क्लच घसरतो आणि माणूस जिंकतो. घरात असलं काही बसवून मिळतं का, ते विचारायचं राहिलं.

खरं तर हात सोडून उडण्याची ही हाव आमच्या गावचीच. मी ओहायोतल्या डेटनला राहतो, राइट बंधूंच्या डेटनला. पहिलं उड्डाण १९०३ चं. आणि दहाच वर्षांनी, ३१ डिसेंबर १९१३ ला, इथल्याच हफमन प्रेअरीच्या माळावर ऑर्व्हिल राइटने स्वतः बनवलेला, विमानाचा तोल सांभाळणारा स्टॅबिलायझर लावून हात सोडून विमानाच्या सात फेऱ्या मारून दाखवल्या. ज्याने माणसाला उडवलं, त्यालाही दहा वर्षांत हात सोडावेसे वाटले! पुढच्याच जूनमध्ये लॉरेन्स स्पेरी या अमेरिकन वैमानिकाने पॅरिसजवळ सीन नदीवर गायरोस्कोपवाला, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या भोवऱ्यावर चालणारा, ऑटोपायलट दाखवला. हा स्वतः हात वर करून बसलेला आणि मेकॅनिक चालत्या विमानाच्या पंखावर उतरलेला. मी हे बायकोला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "त्यांचा मेकॅनिक निदान विमान उडत असताना तरी बाहेर यायचा."

गुढीपाडव्याच्या आठवड्यात विमान मिळालं. काढलेल्या आणि घातलेल्या प्रत्येक वस्तूचं वजन कागदावर मांडलेलं. व्हॅक्यूम पंप, जुने गायरो, त्या मेलेल्या वायरी गेल्यामुळे विमान अकरा पौंडांनी हलकं झालं होतं. मी एकटाच घरी निघालो. तीन हजार फुटांवर, हात थरथरत, 'हेडिंग'चं, म्हणजे दिशेचं, बटण दाबलं. विमानाने क्षणभर विचार केला, अतिशय अदबीने उजवा पंख खाली केला आणि वळायला लागलं. वळता वळता पूर्ण पाठ फिरवली. समोर पुन्हा दुकान!

चूक माझीच. कोणत्या दिशेला जायचं ती खूण आधी आपण फिरवून ठेवायची असते; ती चाचणीच्या उड्डाणानंतर दुकानाकडेच रोखलेली राहिली होती. पण तेव्हा मला वाटलं, पाच महिने राहिलेली पोर, माहेराची ओढ लागली असेल. लाल बटण दाबून तिला सोडवली आणि हातानेच घरी आणली.

बायकोला घेऊन पहिली सफर पिट्सबर्गच्या बालाजीची. एरवी ती विमानात बसत नाही, पण बालाजी म्हटल्यावर नाही म्हणता येत नाही. निघण्यापूर्वी मी तिला एकच गोष्ट शिकवली. "मला काही झालं तर हे निळं बटण दाब. विमान आपोआप सरळ होतं."

"आणि मग?"

"मग सरळ उडत राहतं."

"कुठपर्यंत?"

"पेट्रोल संपेपर्यंत."

तिने रामरक्षा जमिनीवरच सुरू केली.

साडेपाच हजार फुटांवर मी सगळ्या खुणा तीनदा तपासल्या, बटण दाबलं आणि हात सोडले. सुई हलेना. उंची पाच फूटसुद्धा इकडची तिकडे होईना. हातांचं काय करावं ते मला कळेना. मांडीवर ठेवले, तर ते आपोआप पुन्हा सुकाणूशी गेले. मुलगा गाडी चालवत असताना शेजारी बसून मी ज्या पायाने ब्रेक दाबतो, तोच पाय इथेही दाबत होता.

रामरक्षा थांबली. बायको माझ्या हातांकडे बघत होती.

"म्हणजे आता तुम्हाला काही काम नाही?"

"काम नाही कसं? बाहेर बघावं लागतं. दुसरी विमानं असतात."

तिने मागच्या सीटवरची पिशवी ओढली. दर्शनानंतर मैत्रिणीकडे जेवण होतं, उसळ आमच्याकडून होती, आणि फ्रोझन मटाराची उसळ तिच्या तत्त्वात बसत नाही. दोन पौंड शेंगा तिने माझ्या मांडीवर ठेवल्या.

"अगं, मी पायलट आहे."

"मग बघा की बाहेर. मटार सोलायला डोळे कशाला लागतात? आणि वजनाचं सांगू नका, अकरा पौंड कमी झालेत."

रेडिओवर कोणीतरी कोणाला तरी उंची विचारत होतं. खाली ओहायो संपत आला होता. मी बाहेर बघत सोलत राहिलो. सहाव्या शेंगेतला एक दाणा निसटला, रडरच्या पेडलवर टणकन आपटला आणि सीटच्या रुळाखालून आत कुठेतरी गेला.