पोहटन संघ फुटला तो १६२२ मध्ये नव्हे, १६१४ मध्ये

व्हर्जिनियातल्या अल्गोंक्वियन भाषा बोलणाऱ्या मूलनिवासी जमातींचा, म्हणजे पोहटन संघाचा, विषय निघाला की गाडी प्रमुखाची मुलगी पोकाहॉन्टस हिच्यावर येते, नाहीतर त्यांनी २२ मार्च १६२२ ला इंग्रज वसाहतींवर केलेल्या हल्ल्यावर. माझं स्पष्ट मत आहे की हा संघ समजून घ्यायचा असेल तर आधी तांबं आणि मका कुणाच्या हातात होता ते बघा.

संघाचा सर्वोच्च प्रमुख वाहुनसेनाकाव (इंग्रज त्याला पोहटन म्हणत) याला वारशात सहाएक जमाती मिळाल्या होत्या. १६०७ मध्ये इंग्रज वसाहत करायला जेम्सटाउनला उतरले तेव्हा त्या तीसच्या आसपास झाल्या होत्या. प्रत्येक जमातीला स्वतःचा प्रमुख, म्हणजे वेरोअन्स. बाई असेल तर वेरोअन्सक्वा. वारसा आईकडून चाले: आधी भाऊ, मग बहिणी, मग बहिणीची मुलं. त्यामुळे पोटच्या मुलांना त्याची गादी मिळणार नव्हती. जिंकलेल्या जागी मात्र तो त्यांना बसवी. केकोटन जमातीचा मुलूख घेतल्यावर तिथे पोचिन्स हा मुलगा नेमला, तो असा.

खंडणी मका, हरणाची कातडी, मोती आणि तांब्याच्या रूपात येई. तांबं दुर्मिळ, लांबून येणारं, आणि ते कुणाला किती द्यायचं हे वरचा प्रमुख ठरवी. निष्ठा टिकायची ती या वाटपावर. हेन्री स्पेलमन हा इंग्रज पोरगा तिथे राहिला होता, त्याने पेरणीचं वर्णन करून ठेवलंय. ठरल्या दिवशी लोक जमून प्रमुखाचं शेत पेरून देत. मग तो इंग्लंडहून आलेला मुकुट डोक्यावर चढवी आणि शेतातून चालू लागे. लोक त्याच्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी पुढे चालत, कधी मणी उधळतोय याची वाट बघत. मर्जीतल्यांना नाव घेऊन बोलवी आणि मणी हातात देई. १६०८ मध्ये हाच मुकुट घालून घेताना तो गुडघे टेकायला तयार नव्हता. इंग्रजांना त्याला मांडलिक करून घ्यायचं होतं, त्याने तो मुकुट आपल्या पेरणीला लावला. राजकारण कळणारा माणूस होता तो!

पण तांब्यापुढे त्याचाही इलाज चालला नाही. जहाजांवरचे खलाशी मोकळेपणाने इतकं तांबं विकू लागले की आधी एका औंसाला मिळणारा माल पौंडाला मिळेना, अशी जेम्सटाउनचा पुढारी जॉन स्मिथ याचीच तक्रार आहे. पौंड म्हणजे सोळा औंस. त्यात १६०६ ते १६१२ असा सलग दुष्काळ, म्हणजे मक्याचीही ओढ. हाताखालच्या वेरोअन्सना परस्पर इंग्रजांकडून तांबं मिळायला लागल्यावर वरच्या प्रमुखाचं देणं कोण मोजणार?

चिकाहोमिनी ही जमात तर मुळातच वेगळी. वेरोअन्स नाही, आठ वडीलधाऱ्यांची सभा कारभार बघे. १६१४ मध्ये त्यांनी थेट इंग्रजांशी तह केला. दर लढवय्याने सुगीला दोन बुशेल (धान्याचं इंग्रजी माप) मका द्यायचा, बदल्यात लोखंडी कुऱ्हाड. आठही वडीलधाऱ्यांना एकेक लाल कोट आणि जेम्स राजाचं चित्र असलेली तांब्याची साखळी. वाहुनसेनाकाव तेव्हा जिवंत होता, आणखी चार वर्षं जगला. म्हणजे संघ फुटला तो त्याच्या डोळ्यांदेखत.