"एसीत बसून ऊन शिकवू नका" या प्रतिक्रियेला उत्तर

दादा,
(नाव टाकलेलं नाहीत म्हणून दादाच म्हणते, ताई असाल तर सांगा.)

तुमची प्रतिक्रिया रात्रीच वाचली होती. तेव्हा उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं, कारण रात्री लिहिलेली उत्तरं सकाळी स्वतःलाच वाचवत नाहीत, पण सकाळी बघते तर तिच्याखाली "एकदम बरोबर", "ताईंना जमिनीवर आणलं" वगैरे जमा झालेलं, म्हणून आता सविस्तरच लिहिते. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की उन्हाळ्याचा अंदाज हवामान खातं एक देतं, चॅनेलवाले दुसराच सांगतात आणि आपण तिसराच ऐकतो. त्यावर दादा म्हणतात, "पुण्यात एसीत बसून आम्हाला ऊन शिकवू नका. 2025 ला म्हणाले लाटा जास्त येणार, मे महिन्यात आम्ही छत्र्या काढल्या. खातं 43 सांगतं, माझ्या गाडीत 48 दिसतं. शेतमजुराला अलर्ट कळला तरी तो घरी बसू शकतो का? आणि तुमचं शीर्षक पण चॅनेलसारखंच आहे." शेवटी दात काढणारी स्मायली.

शीर्षकाचं मान्य. "उन्हाने नाही, बातम्यांनी भाजलो" हे जरा भडकच झालं होतं. बदलणार नाही, पण मान्य.

आता एसीवर येऊ. हो, आहे घरात एसी. बेडरूममध्ये एक, ईएमआयवर घेतलेला, त्याची मला लाज वाटत नाही. पण घरात एसी आहे म्हणजे बाईला ऊन माहीत नाही हे कुठलं लॉजिक? माझं सगळं लहानपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलंय. भुसावळचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको, पण तुम्हाला सांगते. कूलर एकच, तोही आजी ज्या खोलीत झोपायची तिथे, बाकीच्यांना खिडकीत वाळ्याचा पडदा आणि त्यावर दर थोड्या वेळाने तांब्याने पाणी मारायची पाळी. नळाला दुपारी जे पाणी यायचं त्याने हात पोळायचा. झोप गच्चीवर, आणि गच्चीवरसुद्धा आधी दोन बादल्या ओतल्याशिवाय अंथरूण टाकता यायचं नाही. पन्हं, कांदा, डोक्याला पंचा, हे मला कुठल्या हेल्थ पेजवर वाचावं लागलेलं नाही.

आणि बाबा ट्रॅकवर कीमन होते, म्हणजे रोज रुळावरून चालत रूळ तपासणारे रेल्वे कामगार. उन्हाळ्यात रूळ तापून वाकू नये म्हणून दुपारच्या वेळी रुळावर गस्त असते, हॉट वेदर पेट्रोलिंग म्हणतात त्याला, म्हणजे सगळं गाव दार लावून पडलेलं असताना ही माणसं खडीतून चालत असतात. रुळाचं तापमान मोजायला वेगळा थर्मामीटर असतो आणि भर दुपारी ते साठच्या पुढे जातं. त्याच दिवशी पेपरात मात्र 44 छापून यायचं. म्हणजे लोखंडाचं तापमान वेगळं आणि हवेचं वेगळं, हे आमच्या घरात जेवताना बोललं जायचं दादा. त्यामुळे "ऊन शिकवू नका" हे वाक्य तुम्ही ज्या थाटात टाकलंत ना, ते मला लागलं, खोटं कशाला बोलू. मतभेद असू दे, पण समोरची व्यक्ती कोण, कुठून आली काही माहीत नसताना "पुण्यात बसून" हा शिक्का मारायचा आणि वर स्मायली, ही कुठली पद्धत? पुण्यात काय ऊन पडत नाही का?

तुमच्या गाडीच्या 48 चं उत्तरही यातच आलं खरं तर. खात्याचा थर्मामीटर पांढऱ्या लाकडी झडपांच्या पेटीत असतो, जमिनीपासून माणसाच्या छाती-डोक्याच्या उंचीवर, सावलीत, आजूबाजूला शक्यतो मोकळी जागा, म्हणजे त्याला हवा लागते पण थेट ऊन लागत नाही. गाडीचा सेन्सर पुढच्या बंपरच्या आसपास असतो, खाली तापलेला डांबरी रस्ता आणि मागे इंजिन. सिग्नलला उभं राहून त्यावर 48 बघायचं आणि "खातं आकडे लपवतं" म्हणायचं हे चूक आहे. हाच घोळ 2022 च्या एप्रिलमध्ये मोठ्या लेव्हलला झाला होता. युरोपच्या उपग्रहाने जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान मोजलं, गुजरातकडे काही ठिकाणी ते साठच्या वर दिसलं, आणि इथे फॉरवर्ड फिरायला लागले की भारतात साठ डिग्री. साठ होतं ते मातीचं. देशातला हवेचा नोंदलेला रेकॉर्ड राजस्थानात फलोदीचा आहे, 19 मे 2016, 51 डिग्री.

मशीन कधी चुकतच नाही असं मी कुठेही म्हटलेलं नाही. 29 मे 2024 ला दिल्लीत मुंगेशपूरला 52.9 दाखवलं, दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरात एका ऑटोमॅटिक स्टेशनवर 56. झालं, चॅनेलना चार दिवसांचा मसाला मिळाला. नंतर खात्याने तपासून सांगितलं की मुंगेशपूरचा सेन्सर 3 डिग्री जास्त दाखवत होता आणि नागपूरचंही यंत्र बिघडलेलं होतं. ती बातमी किती जणांनी फॉरवर्ड केली? तुम्ही केलीत का? प्रामाणिकपणे सांगा.

मी लग्नाआधी काही वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर होते, नाव घेत नाही, त्यामुळे हेडिंग कसं शिजतं हे आतून बघितलंय. खात्याच्या बुलेटिनमध्ये लिहिलेलं असायचं की विदर्भात तुरळक ठिकाणी उष्णतेच्या लाटेची शक्यता. तुरळक ठिकाणी पहिल्यांदा उडायचं, कारण हेडिंगमध्ये मावत नाही. मग शक्यता उडायची, कारण साहेबांना ते मिळमिळीत वाटायचं. उरायचं काय, "विदर्भात उष्णतेची लाट", आणि वर लाल रंगात सूर्य. दोन दिवसांनी वाचकाचा फोन, आमच्याकडे तर ढगाळ आहे, हे हवामानवाले काहीही सांगतात. शिव्या खाणार हवामान खातं, आम्ही नामानिराळे.

आणि लाट म्हणजे नुसता मोठा आकडा नाही हे तर पोस्टमध्ये ठळक अक्षरात होतं, वाचलंत का शंका आहे. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान 40, किनाऱ्याला 37, डोंगराळ भागात 30 असावं लागतं आणि शिवाय ते तिथल्या नेहमीच्या तापमानापेक्षा साडेचार डिग्री तरी वर पाहिजे. किंवा मग थेट 45 गाठलं पाहिजे. अकोल्याला मे महिन्यात 43 म्हणजे रोजचंच, म्हणून तिथे लाट नाही, आणि रत्नागिरीला 38 झालं तर लाट असू शकते. यावर अकोल्याची मंडळी चिडतात, आम्ही भाजतोय आणि म्हणे लाट नाही. चिडणं समजू शकते, पण तो नेहमीच्या तुलनेतला हिशेब आहे, तुमचं ऊन कमी लेखलेलं नाही. तसंच ऑरेंज अलर्टचं. तो रंग म्हणजे आकडा नव्हे, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा. उलट खारघरला 16 एप्रिल 2023 च्या कार्यक्रमात उघड्यावर बसलेली माणसं उष्माघाताने गेली, सरकारी आकडा 14, त्या दिवशी तिथला पारा चाळीसच्याही खाली होता. दमट हवा, डोक्यावर छप्पर नाही, तासन् तास बसलेली गर्दी. आकड्याकडेच बघत बसलं की हे सुटतं.

2025 चं थोडक्यात सांगते कारण त्यावर सगळेच बोलून झालेत. एप्रिल ते जूनचा अंदाज मार्चअखेरीला आला, लाटेचे दिवस नेहमीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता, त्यात महाराष्ट्राचं नाव होतं. एप्रिलमध्ये चंद्रपूर 45 च्या वर गेलंच की! मे महिन्यात पाऊस आला, 24 ला मान्सून केरळात आणि 26 ला मुंबईत, जिथे तो एरवी 11 जूनच्या सुमारास येतो. महाराष्ट्राच्या मे महिन्यापुरता अंदाज फसला म्हणा हवं तर, माझी हरकत नाही. पण तीन महिन्यांचा अंदाज कुठल्या आठवड्यात काय होईल ते सांगतच नाही, तो फक्त पारडं कुठे झुकतंय ते सांगतो. 2024 ला पण हेच झालं. एरवी 4 ते 8 दिवस लाटेचे असतात ते 10 ते 20 होतील असं खातं म्हणालं, तेही तीन महिन्यांत, देशाच्या वेगवेगळ्या भागांत. बातमी काय आली? 20 दिवस सूर्य आग ओकणार. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर सलग वीस दिवस शाळा बंद करायची चर्चा सुरू झालेली.

बाकी त्या नवतपावाल्यांना (मे अखेरचे ते नऊ दिवस सगळ्यात जास्त तापतात म्हणणारे) आणि "इक्विनॉक्समुळे पुढचे पाच दिवस घराबाहेर पडू नका" फॉरवर्ड करणाऱ्यांना वेगळं उत्तर देत बसत नाही, इक्विनॉक्स, म्हणजे दिवस-रात्र सारखे असण्याचा दिवस, मार्चमध्ये असतो आणि तो मेसेज मे महिन्यातही फिरतो, यातच सगळं आलं.

राहिला शेतमजुराचा मुद्दा. तो महत्त्वाचा आहे, पण माझ्या पोस्टचा विषय तो नव्हताच, मी बातम्यांबद्दल लिहीत होते. अहमदाबादने 2013 मध्ये हीट अ‍ॅक्शन प्लॅन केला, त्यात अलर्ट आला की कोणी काय करायचं हे ठरवलेलं आहे, नंतर नागपूरसारख्या शहरांनीही केला, ज्यांना वाचायचं त्यांनी वाचावं. शेतातल्या माणसापर्यंत ते कसं पोचतं यावर लिहीन कधीतरी, आत्ता नाही. आणि दर वेळी मजुराला पुढे करून समोरच्याला गप्प करायचं हा प्रकार मला तरी आवडत नाही, बाबा स्वतः उन्हात काम करणारे होते हे वर लिहिलंच आहे.

तुमची प्रतिक्रिया डिलीट करणार नाही, स्मायलीसकट राहू दे. पुन्हा लिहिणार असाल तर नावानिशी लिहा, आणि ते एसीचं वाक्य वगळून लिहा. गाडीचं म्हणाल तर दुपारभर झाडाखाली लावा, निघताना आकडा बघा, मग पाच मिनिटं रस्त्यावर उन्हात उभी करून परत बघा. दोन्ही आकडे इथे टाका, मी त्या दिवसाचा खात्याचा आकडा शेजारी लिहिते.