"एन95 घातला की सगळं अडतं" हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

सगळीकडे एक मेसेज फिरतोय, त्याचा सारांश असा: एन95 असला की दुसरं काही लागत नाही, धूळ, रंग, केमिकल सगळं अडतं, टाकी साफ करायला उतरतानाही तोच पुरतो, वास आला नाही म्हणजे मास्क चालतोय, मळला की सॅनिटायझर मारून परत वापरा, आणि तो कुणालाही बसतो. यातलं धुळीचं तेवढं खरं आहे. बाकीचं वाचून खरंच काळजी वाटली.

आधी केमिकल. एन95 हा कणांसाठी आहे, 0.3 मायक्रॉनच्या आसपासचे निदान 95 टक्के कण तो अडवतो, पण थिनरची वाफ किंवा अमोनिया हे कण नाहीत, ते त्या कापडातून सरळ आत येतात. त्यासाठी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचं कार्ट्रिज, म्हणजे वाफ शोषून घेणारी बदलता येणारी डबी, असलेला रबरी मास्क लागतो, आणि स्प्रे पेंटिंग असेल तर कार्ट्रिजवर कणांचा फिल्टरही, कारण तिथे वाफ आणि तुषार दोन्ही असतात. कार्ट्रिज नुसता रंग बघून घेऊ नका, अमेरिकन पद्धतीत पिवळा म्हणजे ऑर्गॅनिक (थिनरसारख्या) वाफा अधिक आम्लाचे वायू, युरोपियन पद्धतीत पिवळा म्हणजे सल्फर डायऑक्साइडसारखे वायू, थिनरसाठी तिथे तपकिरी लागतो. लेबल वाचा. आणि एन95 मधला एन म्हणजे तेलाच्या तुषारांना न टिकणारा, तिथे तेलाला टिकणारा पी100 फिल्टर घ्या.

टाकीचं वाक्य जीवावर बेतणारं आहे. बंद टाकीत, विहिरीत, मॅनहोलमध्ये ऑक्सिजनच कमी असू शकतो आणि कुठलाही फिल्टर ऑक्सिजन तयार करत नाही, तो फक्त आहे ती हवा गाळतो. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर बाहेरून हवा पुरवणारं किंवा सिलेंडरवालं उपकरणच पाहिजे, आणि उतरायच्या आधी मीटरने हवा तपासायची. आत पडलेल्याला काढायला मास्क लावून उतरणारा माणूसही तिथेच कोसळतो, हे किती वेळा सांगायचं!

वासाचं म्हणाल तर कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे धोका टळला असं वाटतं. मास्क लावूनही वास यायला लागला तर लगेच बाहेर पडा, पण वास येईपर्यंत कार्ट्रिज वापरत राहू नका, ते ठरलेल्या वेळेला बदलायचं आणि काम झालं की हवाबंद पिशवीत ठेवायचं, नाहीतर ते उघड्यावर हवेतलं शोषत बसतं.

सॅनिटायझर अजिबात नको. एन95 च्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार असतो, त्यावर बारीक कण चिकटतात, अल्कोहोलने तो भार जातो. मास्क दिसायला तसाच राहतो, गाळणं मात्र कमी होतं.

राहिला "कुणालाही बसतो". वरचा पट्टा डोक्याच्या मागे वरती, खालचा कानांच्या खाली मानेवर, नाकाची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबायची, मग दोन्ही तळहात मास्कवर धरून फुंकायचं. डोळ्यांकडे हवा लागली तर पट्टी परत बसवा, गालापाशी लागली तर पट्टे सरकवा, तरी थांबत नसेल तर दुसरा साइज किंवा मॉडेल बघा. दोन दिवसांची खुरटी दाढीसुद्धा कडेने गळती करते. दाढी ठेवायचीच असेल त्यांच्यासाठी मोटरने गाळलेली हवा सोडणारा सैल हूड मिळतो, त्याला चेहऱ्याला घट्ट बसावं लागत नाही.